ऑफ-रोड मोटरसायकलला बाहेरचा सायलेन्सर: पक्का बसवण्याची रीत

बाजारातून आणलेला सायलेन्सर ऑफ-रोड मोटरसायकलवर चढवला की काही तक्रारी ठरलेल्या असतात. मागची पट्टी वेल्डिंगच्या कडेला तडकते, सांध्यावरची स्प्रिंग तुटून पडते, इंजिनाजवळून फटफट आवाज येऊ लागतो किंवा मागचे चाक खड्ड्यात उचलले गेले की टायर सायलेन्सरच्या पोटाला घासतो. बहुतेक चालक यावर एकच उपाय करतात, तो म्हणजे बोल्ट आणखी आवळणे. हा उपाय बहुधा उलटा पडतो. केवळ बोल्ट ढिला राहिल्यामुळे सायलेन्सर सुटल्याची उदाहरणे थोडी आहेत. अनेकदा पाइप ओढूनताणून जागेवर आणलेला असतो आणि त्या ताणावर इंजिनाचे हादरे, उष्णता व दगडगोट्यांचे धक्के बसत राहतात. म्हणून पक्की बसवणूक म्हणजे सगळे सांधे ताणाविना जुळलेले असणे आणि शेवटचा आधार रबरावर असणे. पुढचे सगळे टप्पे यासाठीच आहेत.

काय बदलायचे आहे?

एक्झॉस्टचे ढोबळमानाने तीन भाग असतात. इंजिनाच्या हेडपासून निघणारा बेंड पाइप, त्याला जोडणारा मधला पाइप आणि शेवटचा सायलेन्सर. काही गाड्यांत पहिले दोन भाग एकसंध असतात. बदल दोन प्रकारे करता येतो.

- फक्त सायलेन्सर बदलणे (स्लिप-ऑन): बेंड पाइप मूळचाच राहतो आणि नवा सायलेन्सर त्याच्या टोकावर सरकवून क्लॅम्प किंवा स्प्रिंगने धरला जातो. काम कमी, धोका कमी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपात असेल तर तो शाबूत राहतो.
- संपूर्ण संच बदलणे: हेडपासून टोकापर्यंत सगळे नवे. वजन अधिक घटते, पण कन्व्हर्टर जातो, इंधनाचे गणित बदलते आणि बहुतेक गाड्यांत ईसीयूची फेरजुळणी करावी लागते.

घाटवाटा, जंगलाबाहेरचे कच्चे रस्ते आणि अधूनमधून शहर असा वापर असलेल्या हिरो एक्सपल्स २०० किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयन यांसारख्या गाडीसाठी संपूर्ण संचाची गरज जवळजवळ कधीच नसते. वजन थोडे कमी करायचे असेल किंवा पडून चेपलेला मूळ सायलेन्सर बदलायचा असेल तर पहिला पर्याय पुरतो. मूळ सायलेन्सर विकून टाकू नये. पुढे वॉरंटी, विमा, पीयूसी किंवा गाडीची विक्री यांपैकी कुठेतरी तो लागतोच.

आधी कायदा, मग खरेदी

रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. परवानगीशिवाय असे सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला कलम १८२-अ (४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० (२) लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरणे, अशी तरतूद आहे. या वाढीव शिक्षा १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आहेत.

आवाजाची मर्यादा उत्पादकाच्या चाचणीत मोजली जाते. ८० ते १७५ सीसी मोटरसायकलसाठी ती ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल आहे. एक्सपल्सचे इंजिन १९९.६ सीसीचे, म्हणजे तिला ८० ची मर्यादा. ‘डीबी किलर’ नावाची आतली नळी काढून टाकलेला सायलेन्सर ही मर्यादा पाळत नाही, हे दुकानदाराला ठाऊक असते. तरीही ‘हा चालतो, पोलीस काही म्हणत नाहीत’ असे सांगून माल खपवला जातो. दंड मात्र चालकाला भरावा लागतो, आणि जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवण्याच्या मोहिमा महाराष्ट्रातल्या शहरांनी अनेकदा पाहिल्या आहेत.

कावासाकी केएक्ससारख्या निव्वळ शर्यतीच्या गाड्यांची नोंदणी होत नाही. त्या बंद ट्रॅकवरच चालवायच्या असतात आणि त्यांना स्पर्धेच्या आयोजकांचे आवाजाचे नियम लागू होतात. तिथे संपूर्ण संच बदलणे सर्रास चालते. पुढची सगळी यांत्रिक पथ्ये दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखीच आहेत.

सामान आणि हत्यारे

काम सुरू करण्याआधी गाडी पूर्ण थंड झालेली असावी. लागणारे सामान असे:

- हेडच्या तोंडाचे नवे गास्केट (संपूर्ण संच बदलत असल्यास). जुने दाबले गेलेले असते, ते पुन्हा वापरू नये.
- तांब्याचे किंवा निकेलचे अँटी-सीझ ग्रीस
- मापाचा क्लॅम्प, लोखंडी लॉक नट, रबर बुश आणि त्यांच्या धातूच्या नळ्या
- टॉर्क रेंच, सॉकेट, स्प्रिंग ओढण्याचा हूक
- गंजावर मारायचे तेल, थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडके

हेडजवळ नायलॉनचा वेढा असलेले नट वापरू नयेत. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर नायलॉन मऊ पडून पकड सोडतो. निळ्या थ्रेडलॉकचेही तसेच, तो साधारण १५० अंशांपर्यंतच भरवशाचा असतो. हे दोन्ही मागच्या पट्टीवर, जिथे उष्णता कमी असते तिथे चालतात. इंजिनाच्या बाजूला मात्र पूर्ण धातूचा लॉक नटच हवा.

जुना सायलेन्सर उतरवताना

स्लिप-ऑन बसवणाऱ्यांना हा टप्पा सोपा जातो. क्लॅम्प ढिला करायचा, मागचा बोल्ट काढायचा आणि सायलेन्सर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत ओढायचा. संपूर्ण संच बदलताना मात्र हेडवरचे स्टड ही सगळ्यात नाजूक जागा आहे. स्टड पोलादी, हेड ॲल्युमिनियमचे आणि मधे काही पावसाळ्यांचा गंज. आदल्या रात्री नटांवर गंजाचे तेल मारून ठेवावे. नट अडला तर पाना थोडा उलट, थोडा सुलट असा हलवत न्यावा. एका दमात जोर केल्यास स्टड हेडमध्येच तुटतो आणि मग हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. नटाबरोबर अख्खा स्टड निघून आला तर घाबरण्याचे कारण नाही. आटे साफ करून तो परत बसवता येतो.

जुने गास्केट हेडच्या तोंडातच चिकटून राहते आणि काजळीमुळे दिसत नाही. त्याच्यावरच नवे गास्केट बसवले जाण्याची चूक फार आढळते, मग पाइप कधीच नीट बसत नाही. वाकड्या हुकाने ते काढावे, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नये.

ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची जोडणी आधी सोडवावी. वायर पिळली जाऊ नये म्हणून सेन्सर फिरवण्यापूर्वी प्लग मोकळा करणे गरजेचे आहे. नव्या पाइपात सेन्सरसाठी आट्यांची जागा नसेल तर तो पाइप त्या गाडीसाठी नाहीच. सेन्सर बाहेर लटकवून गाडी चालवल्यास ईसीयूला चुकीची माहिती मिळत राहते.

आधी सगळे ढिले, मग इंजिनाकडून मागे

बसवणुकीचा हा गाभा आहे.

१. सगळे भाग हाताने जागेवर ठेवावेत आणि प्रत्येक नट दोन-तीन आट्यांपुरताच फिरवावा. कोणताही बोल्ट या टप्प्यावर आवळायचा नाही. स्टडच्या आट्यांवर अँटी-सीझचा पातळ हात द्यावा.

२. सांध्यात एक पाइप दुसऱ्यात निदान ३ ते ४ सेंटिमीटर आत गेलेला असावा. बाहेरच्या पाइपाला चिरा दिलेल्या असतात. क्लॅम्प त्या चिरांवरच यायला हवा. चिरांच्या पुढे किंवा मागे बसलेला क्लॅम्प कितीही आवळला तरी पकडत नाही.

३. मागच्या पट्टीचे भोक आणि चेसिसचे भोक आपोआप समोरासमोर येतात का, ते पाहावे. बोल्ट बोटांनी सरळ आत गेला पाहिजे. पाइप गुडघ्याने दाबून किंवा पेचकसाने ढकलून भोके जुळवावी लागत असतील तर तिथेच थांबावे. दोन-चार मिलिमीटरचा फरक सांध्यात पाइप थोडा फिरवून किंवा मागे-पुढे सरकवून निघतो. बाजूचा फरक असेल तर योग्य जाडीचा वॉशर किंवा स्पेसर मधे टाकावा. त्याहून जास्त फरक असेल तर पट्टी त्या गाडीची नाही, ती बदलून घ्यावी.

४. सगळे जुळल्यावर आवळणे हेडपासून सुरू करावे. दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत, म्हणजे फ्लँज तिरका बसत नाही. मग मधला क्लॅम्प, आणि सर्वांत शेवटी मागची पट्टी. उलट क्रमाने, म्हणजे मागून पुढे आवळत आल्यास सगळा ताण हेडच्या स्टडवर जाऊन साचतो.

५. किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि तोच आकडा मानावा. आकडा हाती नसेल तर पट्टीच्या साध्या एम-६ बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर आणि एम-८ बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. ‘हाताला लागेल तितके’ हे माप हेडच्या स्टडसाठी घातक आहे.

स्प्रिंगने जोडलेल्या सांध्यात स्प्रिंगा थोड्या ताणलेल्या हव्यात. पूर्ण ताणलेली स्प्रिंग हादऱ्याने हुकापाशी तुटते. स्प्रिंगच्या पोकळीत उष्णतारोधक सिलिकॉन भरल्यास किंवा तिच्यावर सिलिकॉनची नळी चढवल्यास तिची थरथर मरते. दोन्ही हुकांतून एक पातळ स्टेनलेस तार ओवून ठेवावी. स्प्रिंग तुटली तरी ती मागच्या चाकात जाणार नाही आणि सांधाही लगेच निसटणार नाही. शर्यतीच्या गाड्यांवर ही तार असते, घाटात जाणाऱ्या गाडीवरही असावी.

रबर बुश: सर्वांत दुर्लक्षित भाग

तापल्यावर पाइप लांबतो. ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील दर मीटरमागे दर १०० अंशांना सुमारे १.७ मिलिमीटर वाढते. म्हणजे ६० सेंटिमीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर जवळपास ३ मिलिमीटर लांबतो. ही वाढ कुठेतरी सामावली गेली पाहिजे. ती सामावून घेण्यासाठीच मागच्या पट्टीत रबर बुश असतो. तो नसेल तर दर वेळी गाडी तापताना-निवताना पट्टीचे वेल्डिंग वाकते आणि काही आठवड्यांत तिथे बारीक तडा दिसतो. एकसिलिंडर इंजिनाचे हादरे त्या तड्याला लवकर मोठे करतात.

बुशच्या मधल्या भोकात धातूची छोटी नळी असते. ती रबरापेक्षा किंचित लांब असते, म्हणून बोल्ट नळीवर घट्ट होतो आणि रबर मोकळे राहते. जुना सायलेन्सर उतरवताना ही नळी हमखास खाली पडते आणि हरवते. ती न बसवता बोल्ट आवळला की रबर चेपून बाहेर येते, पट्टी चेसिसला थेट चिकटते आणि बुश असून नसल्यासारखा होतो. काम झाल्यावर सायलेन्सर हाताने धरून हलवून पाहावा. तो रबरावर किंचित हलला पाहिजे, पण धातूवर धातू आपटल्याचा आवाज येता कामा नये.

नवी पट्टी करून घ्यायची असल्यास ती निदान ४ मिलिमीटर जाडीची, कोपरे गोलाकार ठेवलेली असावी. स्टेनलेस सायलेन्सरवर आर्गन वेल्डिंगच करावे आणि तेही सायलेन्सर गाडीवरून उतरवून. गाडीवर असतानाच वेल्डिंग केल्यास ईसीयू जळू शकतो. लांब सायलेन्सर एकाच पट्टीवर लटकत असेल तर त्याच्या पोटाभोवतीचा रबराचे अस्तर असलेला क्लॅम्प दुसरा आधार म्हणून द्यावा.

चाकाची पूर्ण उचल तपासणे

उभ्या गाडीवर दिसणारे अंतर फसवे असते. एक्सपल्स २०० च्या मागच्या चाकाची उचल १७० मिलिमीटर आहे, ४व्ही प्रो मॉडेलमध्ये ती २२० मिलिमीटर आहे. उभ्या गाडीत टायर आणि सायलेन्सर यांच्यात तळहात मावतो म्हणून समाधान मानणाऱ्यांच्या सायलेन्सरवर पहिल्याच मोठ्या उडीत टायरचा काळा पट्टा उमटतो.

तपासणीची खात्रीची पद्धत अशी की गाडी स्टँडवर पक्की उभी करून मोनोशॉकचा खालचा बोल्ट काढावा आणि चाक हाताने वरच्या टोकापर्यंत उचलावे. हे जमत नसेल तर दोन दणकट माणसे सीटवर बसवून रॅचेट पट्ट्याने मागचा भाग खाली ओढावा. या स्थितीत टायर, स्विंगआर्म, साखळी, मागच्या ब्रेकची नळी आणि बाजूचे प्लॅस्टिक या सर्वांपासून निदान १० ते १५ मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. खाचांचा मोठा टायर लावणार असाल तर तो लावूनच मोजा. सामानाच्या पिशव्या किंवा त्यांची चौकट बसवली असेल तर तीही जागेवर असावी. उजव्या बाजूची पिशवी सायलेन्सरला टेकून वितळण्याचे प्रकार लांबच्या प्रवासात नेहमी घडतात.

अंतर कमी पडत असेल तर ठोकून सायलेन्सर चपटा करू नये. पट्टीला स्पेसर देऊन बाहेर घ्यावा आणि मग सगळे बोल्ट पुन्हा ढिले करून क्रमाने आवळावेत. केवळ मागचा बोल्ट सोडून स्पेसर घुसवल्यास जुनाच ताण नव्या जागी तयार होतो.

गळती आणि पहिली फेरी

इंजिन सुरू करण्यापूर्वी पाइपावरचे तेलकट हाताचे ठसे थिनरने पुसून घ्यावेत, नाहीतर ते स्टीलवर कायमचे भाजले जातात. पहिली काही मिनिटे थोडा धूर निघतो, तो स्वाभाविक आहे. मात्र हे काम बंद गॅरेजमध्ये करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे आले की गळती. हेडजवळची गळती फक्त आवाजाचा प्रश्न नसतो. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ती इंधन कमी पडल्याची खूण मानतो आणि ईसीयू उगाच जास्त पेट्रोल सोडतो. थ्रॉटल सोडल्यावर येणारे फटके बहुधा इथलेच असतात.

पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून ती पूर्ण थंड होऊ द्यावी आणि सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा पाहावेत. नवे गास्केट पहिल्या तापण्यात दबते, त्यामुळे हेडचे नट थोडे ढिले झालेले आढळतात. पुन्हा १०० किलोमीटरनंतर आणि त्यापुढे प्रत्येक ऑफ-रोड फेरीनंतर नजर टाकावी. बोल्टच्या डोक्यावर आणि पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवल्यास बोल्ट फिरला की लगेच कळते. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर बुश, पट्टीचे वेल्डिंग आणि मधला सांधा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सायलेन्सरच्या आतले काचलोकरीचे पॅकिंग कालांतराने जळते. आवाज वाढला आणि बाहेरचे कवच पूर्वीपेक्षा जास्त तापू लागले की ते बदलायची वेळ आलेली असते.

वाळलेले गवत

होळीनंतर सह्याद्रीतल्या पठारांवर गवत पूर्ण वाळलेले असते. तापलेला पाइप किंवा सायलेन्सरमधून उडालेली ठिणगी वणवा लावायला पुरेशी ठरू शकते. मूळ पाइपावरचे उष्णतारोधक कवच नव्या संचात अनेकदा नसते. ते बसवून घ्यावे. अमेरिकेतल्या सरकारी वनक्षेत्रांत ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची आहे. आपल्याकडेही अशी जाळी असलेला सायलेन्सर निवडणे शहाणपणाचे आहे. उन्हाळ्यात गाडी गवतात उभी करू नये, आणि बॅशप्लेटमध्ये अडकलेला पालापाचोळा प्रत्येक थांब्यावर काढावा.

विक्रेत्याकडून काय मागावे?

पक्के बिल, त्यावर गाडीचे मॉडेल आणि वर्ष, वॉरंटीची लेखी मुदत, आणि ‘रस्त्यासाठी वैध’ असा दावा केला असेल तर त्या दाव्याची चाचणीची कागदपत्रे. कागद नसेल तर तो दावा खरा धरू नये. ‘केवळ शर्यतीसाठी’ असे छापलेला माल रस्त्यासाठी म्हणून विकला गेला, भाग सांगितलेल्या गाडीला बसला नाही किंवा वॉरंटी नाकारली गेली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बसवणूक गॅरेजमध्ये करून घेतली असल्यास मजुरीचे वेगळे बिल घ्यावे, म्हणजे तुटलेल्या स्टडची जबाबदारी कोणाची यावर वाद होत नाही.

विमा कंपनीला बदलाची लेखी कल्पना द्या आणि पोच जपून ठेवा. अपघातानंतर न कळवलेला बदल उघड झाला तर दावा अडवला जाऊ शकतो.